वासोट्याचं जोडटाकं: एका हिवाळ्याची हकिकत

२०२३ च्या दसऱ्यानंतर साताऱ्यात आमच्या गडसंवर्धनाच्या ग्रुपची बैठक झाली. विषय एकच होता: त्रिपुरी पौर्णिमेला वासोट्यावर दीपोत्सव करायचा. चाळीस जण, दुपारी बामणोलीतून लाँच, दिवस मावळायच्या आत गडावर, पाचशे एक पणत्या, चार मशाली, रात्री महादेवाच्या देवळापाशी मुक्काम. उजाडल्यावर श्रमदान. खडकात खोदलेल्या पाण्याच्या जोडटाक्यातला गाळ उपसायचा, मारुतीच्या देवळाभोवतीची झाडी तोडायची आणि छप्पर नसलेल्या त्या मारुतीवर पत्रा टाकायचा. पत्र्याचा खर्च उचलायला एक व्यापारी तयार झाले होते, वर्गणीही जमली होती. सगळ्यात आधी हात वर करणाऱ्यांत मी होतो.

यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. झालं ते निराळंच, आणि ते लिहून ठेवायला हवं असं मला वाटतं. सह्याद्रीतले कितीतरी गड आज अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मोडतात. प्रचितगड तर थेट चांदोलीच्या जंगलातच आहे. तिथं फावडी घेऊन निघालेल्या प्रत्येक ग्रुपपुढे हाच पेच उभा राहणार आहे.

जागा

वासोटा जावळी तालुक्यात. साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोली, तिथून शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यातून साधारण दीड तास लाँच, मग मेट इंदवलीपासून घनदाट रानातून चढ. शिवाजी महाराजांनी १६६० साली हा गड घेतला आणि त्याचं नाव व्याघ्रगड ठेवलं. गडाभोवतीचं जंगल १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, क्षेत्र ४२३.५५ चौरस किलोमीटर. दक्षिणेकडचं चांदोलीही त्याच वर्षी अभयारण्य झालं आणि २००४ साली ३१७.६७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चारही जागा गेल्या. म्हणजे आम्ही ज्याला गड म्हणत होतो तो कागदोपत्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत होता, आणि आमच्या बैठकीत हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नव्हता.

अर्ज घेऊन आम्ही तिघं वन विभागाच्या कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यांनी तो नीट वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, "सर, दिवसा या. परवानगी काढून या, परत या, पुन्हा या. रात्री नाही आणि विस्तव नाही."

आमच्यातला एक जण तिथंच उसळला. "महाराजांच्या गडावर दिवा लावायला आता परवानगी लागणार?"

त्यांनी आवाज चढवला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढला आणि दोन कलमं दाखवली. कलम ३०: अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायचा नाही, पेटता ठेवून जायचं नाही. कलम २९: वन्यप्राण्यांचा अधिवास तोडायचा, हलवायचा, बिघडवायचा नाही, पाण्याचा प्रवाहसुद्धा वळवायचा नाही. वन्यजीवांच्या भल्यासाठी गरजेचं असेल तरच, आणि तेही वरून लेखी मंजुरी आल्यावर. "तुमची झाडी तोडणं आणि टाकं उपसणं दोन्ही यात बसतं," ते म्हणाले.

मी त्या दिवशी रागातच घरी आलो. आपण गडासाठी घाम गाळायला निघालोय आणि हे आपल्याला लाकूडतोड्यांच्या रांगेत बसवतात, असं वाटत होतं. ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत मेसेज चालले होते. काहींनी आंदोलनाची भाषा केली. शेवटी ठरलं की आधी सहा जणांनी रीतसर परवानगी काढून एक दिवस जाऊन यायचं, काम नेमकं किती आहे ते बघायचं, आणि मग बोलायचं.

लाँचवर

लाँच चालवणारे तात्या बामणोलीकडचेच. साठी उलटलेली, बोलायला कमी. पणत्यांचा विषय निघाला तेव्हा ते सुकाणूवरचा हात न काढता म्हणाले, "दिवं लावायचं तर हितंच लावा की. खाली आमचं गाव हाय."

आम्ही पाण्याकडे बघितलं. सकाळचं ऊन पडलं होतं आणि पाणी काचेसारखं होतं. कोयना धरणाचं पाणी चढलं तशी खोऱ्यातली गावं गेली. कुणी वरच्या अंगाला सरकलं, कुणाला पार दुसऱ्या जिल्ह्यात जमिनी मिळाल्या. तात्यांचे आजोबा वरच्या अंगाला सरकणाऱ्यांतले. "मे महिन्यात पाणी खाली गेलं की कवा कवा जोती दिसत्यात," ते म्हणाले. मग पुन्हा गप्प झाले.

गेली कित्येक वर्षं मी या लाँचमधून जातो आहे. बसल्या बसल्या गडाकडेच बघायचं, पाण्याकडे बघायचं ते फोटोपुरतं. इतिहास वरच आहे असं मनात धरून बसलो होतो.

टाकं

मेट इंदवलीला वनरक्षकांनी पिशव्या उघडायला लावून प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजून घेतले आणि परत येताना तेवढेच दाखवायला सांगितले. मग चढ. पहिला तास आभाळ दिसत नाही इतकी झाडी. वाटेत दोन ठिकाणी वारुळं उकरलेली होती, ताजी माती बाजूला पडलेली. वनरक्षक दादांनी खाली बसून बोट लावून दाखवलं: अस्वलाच्या नख्यांचे खोल ओरखडे.

वर दरवाजाच्या पायऱ्या संपल्या की तो मारुती. भिंती आहेत, छप्पर नाही. त्याला नमस्कार करून आम्ही जोडटाक्याकडे गेलो. टाकं गाळानं अर्धं भरलेलं होतं, हे खरंच. मी फावड्याचा हिशेब करत होतो, किती घमेली निघतील याचा. आमच्यात एक मुलगी होती, पुण्यात पुरातत्त्व शिकणारी. ती काठावर पालथी पडून गाळाकडे बघत होती.

"काका, हे बघा."

ओल्या गाळाच्या कडेला खुरांचे ठसे होते, एकावर एक, जुने आणि नवे. सांबराचे, वनरक्षक दादा म्हणाले. त्यातल्या एका मोठ्या ठशाच्या शेजारी एक छोटा होता. "उन्हाळ्यात खालचे ओढे आटले की ही टाकी. मग सगळेच येतात इथं." त्यांनी पलीकडे दाखवलं. तिथं मऊ, नख्यांशिवायचा, गोल ठसा होता. बिबट्याचा.

ठशांच्या मधेच काहीतरी लालसर चमकत होतं. बोटभर लांब खापर, एका बाजूला काळपट, काठाला एक साधी रेघ. मुलीनं ते उचललं नाही. फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून परत काढला, आणि जसं होतं तसंच राहू दिलं.

मी विचारलं, "घेत का नाहीस?"

ती म्हणाली, "मी घेतलं तर ते फक्त खापर राहील. आता ते कुठल्या थरात आहे, वरून किती खोल आहे, याच्यामुळे त्याला वय आहे. या टाक्यात गडावरच्या माणसांनी तीनशे वर्षं काय काय पाडलं असेल, घागरी, बांगड्या, कदाचित नाणी, ते सगळं थरानं बसलंय. आपण दोन दिवसांत फावड्यानं काढून दरीत टाकणार होतो."

मी तिथंच खाली बसलो. वन खातं म्हणत होतं गाळाला हात लावू नका, कारण तिथं बेडूक मातीत शिरून उन्हाळा काढतात आणि जनावरं पाणी पितात. पुरातत्त्व शिकणारी ही पोरगी म्हणत होती गाळाला हात लावू नका, कारण तो गडाचा दप्तरखाना आहे. मधे मी एकटा घमेलं घेऊन उभा होतो. इतक्या वर्षांत कितीतरी गडांवरची टाकी आम्ही "स्वच्छ" केली. चकचकीत टाक्यांचे आधीचे-नंतरचे फोटो लावले, हजारो लोकांनी वाहवा केली. त्या गाळात काय होतं ते आता कुणालाही सांगता येणार नाही. ही खंत माझी आहे आणि ती जात नाही.

बाबूकडा

दुपारी बाबूकड्यावर गेलो. समोर जुना वासोटा नावाचा डोंगर, खाली सरळ कोकण. तिथं बसून मी पहिल्यांदा या गडाचा नकाशा डोळ्यासमोर आणला आणि विचारलं, याला इतका कमी तट का?

उत्तर चारी बाजूंनी दिसत होतं. कडा आणि रान. जावळीचं खोरं म्हणजे भर दिवसा सूर्य न दिसणारं जंगल, अशी त्याची ख्याती. १६६१ साली राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले, त्यातल्या काहींना काही काळ वासोट्यावर ठेवलं होतं. इथून कैदी पळाला तरी जाणार कुठं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीनं हाच गड पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याच्या फौजेविरुद्ध लढवला, आणि "बापू गोखले, सांभाळ कासोटा" हे आजही साताऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. पुढे बाजीरावानं साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसं इथंच ठेवली होती. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, मारा केला, आणि गड पडला.

तोफा वर चढवायच्या तर आधी त्या रानातून न्याव्या लागतात. माझ्या मते वासोट्याचा पहिला तट त्या दिवशी फुटला, दगड पडायच्या आधीच. बांधणाऱ्यानं दगडाचं काम कमी केलं, कारण झाडांनी ते केलं होतं. आज आपण गडावरचा दगड जपायला जातो आणि भोवतीची झाडी तोडतो, तेव्हा गडाचाच भाग पाडत असतो. हे वाक्य मी खाली येऊन ग्रुपवर लिहिलं. त्यावरून भांडण झालं.

ग्रुप फुटला

हा भाग थोडक्यात सांगतो. चाळीसातले चौदा राहिले. बाकीच्यांचं म्हणणं होतं की मी वन खात्याचा माणूस झालो. त्यातल्या दोघांशी माझी वीस वर्षांची ओळख होती. त्यांचं गडावरचं प्रेम माझ्यापेक्षा तसूभर कमी नाही, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. त्यांचा एक मुद्दा तर अगदी बरोबर होता: "जंगल राहील, पण कुणी हातच लावला नाही तर दहा वर्षांत दरवाजा राहणार नाही. मग नुसतं अभयारण्य म्हणून नाव ठेवा." या मुद्द्याकडे मी परत येतो.

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही चौदा जण तात्यांच्या सांगण्यावरून बामणोलीलाच थांबलो. पाण्याच्या काठानं पणत्या लावल्या. आसपासच्या वाड्यांतली जुनी माणसं आली, बाया आल्या. एकेक जण पाण्याकडे हात करून सांगायला लागलं: तिकडं आमचं, त्या बेटाच्या अलीकडं देऊळ, त्याच्या खाली वडाचा पार, पारापाशी बाजाराची वाट. पुरातत्त्व शिकणारी मुलगी आणि आणखी दोघं वहीत लिहून घेत होते. एका आजीनं आपल्या गावच्या शेतांची नावं सांगितली, एकामागून एक, लहान मुलगी पाढे म्हणते तशी. कागदावर ती नावं तोपर्यंत कुठंच आली नव्हती. पणत्या विझल्या तरी ती बोलत होती. तेवढ्या एका रात्रीत आमच्याकडे जो इतिहास जमा झाला, तो गडावर पाचशे एक पणत्या लावून जमला नसता.

त्या डिसेंबरात चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला. त्याआधी २०१८ साली व्याघ्र प्रकल्पात वाघाचा फोटो मिळाला होता, मग बराच काळ काही नाही. सह्याद्रीत वाघ येतात ते बहुतेक दक्षिणेकडून, राधानगरी आणि तिलारीच्या बाजूच्या जंगलपट्ट्यातून, डोंगराच्या धारेधारेनं चालत. ही धार जिथं जिथं तुटते, रस्त्यानं, खाणीनं, रात्रीच्या गोंगाटानं, तिथं वाघ मागे फिरतो. चांदोली ते कोयना ही या वाटेची उत्तरेकडची बाजू, आणि वासोटा तिच्यावरच बसलेला आहे. व्याघ्रगड हे नाव तोपर्यंत मला नुसतं भारदस्त वाटायचं. (पुढं २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. त्याची बातमी वाचली तेव्हा मला आमचा तो मशालींचा बेत आठवला आणि अंगावर काटा आला.)

दरवाजाची भिंत

आता तो बरोबर असलेला मुद्दा. दगड खरंच ढासळतो आहे.

जानेवारीत परवानगी काढून आम्ही तीन वेळा दिवसा गेलो. सोबत साताऱ्यातले एक निवृत्त बांधकाम अभियंते होते, आयुष्य पुलांवर घालवलेले. त्यांनी आधी पत्र्याचा विषय संपवला. कड्यावरच्या पावसाळी वाऱ्यात पत्रा उडून दरीत जाईल, आणि जाताना ज्या भिंतींत खिळे ठोकले त्यांचे दगड घेऊन जाईल, हे त्यांचं पहिलं वाक्य. सिमेंटलाही नाही म्हणाले. जुनं काम चुन्याचं, ते ओल आत घेतं आणि बाहेर सोडतं. वर सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते आणि दगडामागचा चुना पीठ होऊन गळतो. झाडांचंही तसंच. भिंतीत बोटभर रोप असेल तर ते निघतं, पण मनगटाएवढं मूळ भिंतीच्या आत गेलेलं असेल तर आता तेच मूळ दगड धरून आहे. ते कापलं की सडतं, पोकळी होते, आणि दोन पावसाळ्यांत भिंत बसते.

मग आम्ही काय केलं? मोजलं. दरवाजाजवळच्या भिंतीचा प्रत्येक चौरस खडूनं न रंगवता, दोरी लावून, फोटो काढून नोंदवला. फुगलेला भाग ओळंब्यानं मोजला. दोन भेगांवर, लेखी परवानगी आल्यावर, अभियंत्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या चिमूटभर प्लास्टरनं आडव्या चिकटवल्या आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत जागची हलली तर काच तडकते. इतकं साधं. वाटेवरचं प्लास्टिक उचलून खाली आणलं, तेही वनरक्षक दादांनी सांगितलेल्या बाजूनंच, मधमाश्यांची पोळी असलेला कडा टाळून.

मार्चमध्ये महाशिवरात्रीला नागेश्वराच्या गुहेत दर्शनाला गेलो. तिथं कोकणातून चोरवण्याकडून चढून लोक येतात, आपल्या बाजूनंही येतात, पिढ्यान्‌पिढ्या. या वाटा जुन्या आहेत. लोक येतात, दर्शन घेतात, उतरतात. माणसाला जंगलातून सरसकट हाकललं पाहिजे असं मला वाटत नाही, आणि तात्यांसारख्यांच्या लाँचा तर येणाऱ्यांवरच चालतात. फरक आहे तो रात्रीचा, विस्तवाचा, आवाजाचा आणि फावड्याचा.

माझी एक मागणी मात्र ठाम आहे. त्याच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ व्ही नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचा संवर्धन आराखडा असतो. त्यात गवत, पाणवठे, जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे), सगळं येतं. हद्दीतल्या गडांचं दगडी काम कुणी, कधी आणि कसं बघायचं, याचंही एक प्रकरण त्यात हवं. आज गडासाठी वन खात्याच्या दारात गेलं की पुरातत्त्व खात्याच्या दाराकडे बोट दाखवतात, आणि दुसऱ्या दारातून पहिल्याकडे. आम्ही ते चार महिने केलं. शिकलेला एक चुनेवाला गवंडी, एक पुरातत्त्वाचा जाणकार आणि सोबत एक वनरक्षक, एवढी तीन माणसं जानेवारीत पंधरा दिवस दिवसा दिवसा काम करून उतरली तर जंगलाला ओरखडा न उठता दरवाजा टिकू शकतो. चाळीस उत्साही माणसांनी एका रात्रीत तो टिकत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर वाट उघडली तसे आम्ही पाच जण पुन्हा गेलो. जोडटाकं काठोकाठ भरलं होतं, गाळ पाण्याखाली, काठावर ठसे. मारुतीला नमस्कार करून दरवाजाकडे वळलो. वरच्या भेगेवरची काच जशीच्या तशी होती. खालची मधोमध तडकली होती.

त्याच आठवड्यात फोटो, मापं आणि अभियंत्यांचं पत्र जोडून दोन्ही कार्यालयांत नवा अर्ज दिला. ग्रुप सोडून गेलेल्या त्या दोन मित्रांनाही फोन केला. एकानं उचलला. अर्जावर त्याचीही सही आहे.